पूलवाल्या इसाकचा तिसरा हिस्सा

१. मी, इसाक गुलाब पिंजारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पोहण्याचे तलाव बांधणे व त्यांची निगा राखणे, राहणार नशिराबाद, तालुका व जिल्हा जळगाव, आज गुरुवार दिनांक ६ नोव्हेंबर २०२५ रोजी हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. जीवराम वकिलांनी एक छापील नमुना दिला होता, त्यात "माझी प्रकृती उत्तम असून" असं वाक्य होतं. ते मी गाळलं आहे. माझी फुप्फुसं उत्तम नाहीत, डॉक्टरांनी फोटो दाखवला आहे, आणि पहिल्याच ओळीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

२. माझ्या घरात कोण कोण, ते लिहितो. पत्नी हसीनाबी. थोरला मुलगा हसनैन, जो १९ नोव्हेंबर २०२१ रोजी वारला. त्याची बायको यास्मिन आणि मुलगी सदफ, दोघी माझ्याजवळच राहतात. धाकटा मुलगा शेहजाद, बायकोपोरांसह धुळ्याला असतो.

आमच्या शरियतीप्रमाणे बापाच्या आधी एक मुलगा गेला आणि दुसरा हयात असला, तर गेलेल्याच्या लेकरांना आजोबाच्या मिळकतीत वारसाहक्क राहत नाही. सून तर वारस नसतेच. कायदा मी केलेला नाही आणि त्याच्याशी भांडायचं माझं वयही नाही. पण त्याच कायद्याने एक दार ठेवलं आहे. वारस नसलेल्या माणसाला आपल्या मिळकतीचा तिसरा हिस्सा लिहून देता येतो. हे सगळं लिहिणं त्या तिसऱ्या हिश्श्यासाठी आहे. मी न लिहिता गेलो, तर आज माझा सगळा धंदा चालवणाऱ्या यास्मिन आणि सदफ माझ्या मयतीच्या दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्यात परक्या ठरतील.

लिहून दिलं तरी त्या घेतील की नाही, हे मला माहीत नाही. त्याचं कारण नवव्या कलमात आहे. यास्मिनने ते वाचल्याशिवाय कुठेही सही करू नये.

३. नशिराबादचं राहतं घर आणि बँकेतली ठेव, हे माझ्या मिळकतीचे दोन हिस्से होतात, असं वकिलांनी मांडून दाखवलं. ते कायद्याप्रमाणे वारसांकडे जावेत. हसीनाबीला आठवा भाग, बाकीचं शेहजादला. शेहजादला एवढीच विनंती, तुझी आई आहे तोवर घराला गिऱ्हाईक दाखवू नकोस. ती ओट्यावरच्या त्या एका फरशीवर बसून तांदूळ निवडते. तिला फ्लॅटच्या गॅलरीत बसता येणार नाही.

४. तिसरा हिस्सा असा: हायवेवरचा गाळा, टेम्पो, दोन पंप, वाळूचे फिल्टर, तळ साफ करायचे पाइप, पाणी तपासायची पेटी, "पिंजारी पूल" ही पाटी, आणि माझा मोबाईल नंबर, ज्यावर जळगाव, अमळनेर, पारोळा, धुळे इथले सव्वीस पूलमालक फोन करतात. हे सर्व मी सून यास्मिन हसनैन पिंजारी व नात सदफ हसनैन पिंजारी या दोघींना सारख्या वाट्याने देत आहे. नंबर किरकोळ वाटेल, पण या धंद्यात तीच खरी मिळकत. पंप कोणीही विकत घेतो.

पिंजाऱ्याचा पोरगा पूलवाला कसा झाला, हे लोक अजून विचारतात. वडील गाद्या पिंजायचे. कारखान्याच्या गाद्या आल्या आणि कापूस पिंजायची आमची धनुकली खुंटीवर गेली. मी विसाव्या वर्षी सुरतेला टाइल बसवायला गेलो, तिथे एका बंगल्यात पोहण्याचा हौद करताना पाहिला, आणि १९९४ साली परत आलो तो डोक्यात तेच घेऊन. जळगावच्या उन्हात माणूस पाण्यासाठी काहीही करील, एवढा साधा हिशेब होता. पहिला पूल बांधला तो गळला. दुसरा थोडा कमी गळला. मला पोहता येत नाही, हे सगळ्यांना सांगून सांगून मी थकलो. हलवाई काय रोज पेढे खातो?

५. हत्यारांपैकी ओळंबा आणि पाण्याची लेव्हल नळी शेहजादला द्यावी. तो धुळ्याला गुजरातहून येणारे तयार फायबरचे टब विकतो. खड्डा खणला, ट्रकमधून टब उतरवला, पाणी सोडलं, झाला पूल. मी त्याला पूल म्हणत नाही, मोठं घंगाळ म्हणतो, आणि त्याला ते लागतं. तरी लिहून ठेवतो की ते टब वाईट नाहीत. आठ दिवसांत काम होतं आणि माझ्या कामाला दोन महिने लागतात. माझी सहा गिऱ्हाइकं त्याने नेली. बापाची नेली म्हणून मी दोन ईद त्याच्याशी बोललो नाही. ते चुकलं. पण टब बसवताना खड्ड्याचा तळ लेव्हलमध्ये लागतोच, आणि तो नेहमी नजरेने बघतो. म्हणून ओळंबा.

६. धंद्याबद्दल दोघींसाठी. यातलं बरंचसं यास्मिनला माझ्यापेक्षा चांगलं येतं, तरी लिहितो.

आपल्याकडे लोकांना पूल आठवतो तो एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच पाणी नसतं. टँकरवर बंदी येते, गावात हंड्याला रांग असते, आणि शेतातल्या बंगल्यावर पूल भरलेला दिसला की लोक दगड मारतात. बरोबरच करतात. म्हणून गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगायचं की पाणी बदलायचं नसतं, राखायचं असतं. नीट राखलेलं पाणी चार-पाच वर्षं चालतं. नवीन पूल बांधायचं काम आता नाशिक-पुण्याचे मोठे ठेकेदार नेतात. नेऊ द्या. त्यांचा माणूस फिल्टर तुंबला म्हणून अमळनेरला येत नाही. फोन केल्यावर दोन तासांत दारात उभा राहणारा लागतो, आणि तो छोटाच असतो. आपलं पोट तिथे आहे.

मे महिन्यात मालक ओरडतो, "इसाकभाऊ, पूल गळतोय, रोज बोटभर पाणी जातंय!" टाइल उखडायला धावू नये. बादली पाण्याने भरून पुलाच्या पायरीवर ठेवायची, बादलीत आणि पुलात दोन्हीकडे खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. दोन्हीकडे सारखं उतरलं तर ते ऊन पितंय. पुलात जास्त उतरलं तरच गळती. या एका बादलीवर मी तीस वर्षं शहाणा ठरलो.

काळ्या मातीत बांधलेला पूल पावसाळ्यात कधीही रिकामा करायचा नाही. माती फुगते, खालून पाणी रेटतं, आणि रिकामा हौद वर उचलला जातो. १९९८ साली पारोळ्याच्या बाजूला एका फार्महाऊसवर मालकाच्या हट्टापायी मी श्रावणात पूल उपसला. सकाळी त्याचा एक कोपरा वीतभर वर आला होता. मालक म्हणाला, हा काय चमत्कार. मी म्हणालो, पुन्हा बांधावा लागणार, हा चमत्कार.

यास्मिनने दोन नव्या गोष्टी केल्या, त्या चालू ठेवाव्यात. एक, रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांची शेततळी. त्यांचं प्लास्टिक फाटतं, आणि ते जोडायचं यंत्र तिने घेतलं. मी नको म्हणालो होतो. आज पुलापेक्षा ते काम जास्त आहे. दुसरी, बायकांची बॅच. दिपमालाबाई जळगावला मुलींना पोहायला शिकवतात. त्यांच्या वेळेत पुरुष मेकॅनिक आत जाऊ शकत नाही, यास्मिन जाऊ शकते. आता दुसरे तीन पूलमालकही तिलाच बोलावतात. सुरुवातीला गावातले काहीजण म्हणायचे, इसाकची सून मोटार दुरुस्त करते. नंतर त्यांच्याच घरची मोटार बिघडली.

"गॅरंटी" हा शब्द तोंडातून काढू नये. पंपरूमला खिडकी असल्याशिवाय काम घेऊ नये. हा माझा नियम चार वर्षांपूर्वीचा आहे. तो त्याआधीच असायला हवा होता.

७. जुनी भांडणं. भुसावळ रस्त्यावरच्या एका शेटजींनी पोळ्याच्या दिवशी पुलात बैल धुतले आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं की पाणी हिरवं का झालं. त्यांना माफ केलं, बैल खरंच देखणे होते. मोबाईलवर बघून पाण्यात तुरटीचं अख्खं पोतं ओतणाऱ्या डॉक्टरांनाही माफ. माझ्या कामाचे फोटो आपल्या नावाने लावणाऱ्या ठेकेदाराला माफ केलेलं नाही. त्याचं नाव इथे लिहिलं तर त्याची जाहिरात होईल.

एक भांडण राहिलं. ते कौतिकचं. ते भांडण नव्हतंच, हे पुढे लिहिलं आहे.

८. मयत साधी करावी. चाळिसाव्याला जेवणावळ घालू नये. टेम्पोवर काळी पट्टी लावून फिरवू नये, गिऱ्हाइकं घाबरतात.

९. हे कलम यास्मिनसाठी.

आपल्या कामात पाण्यातले जंतू मारायला क्लोरीनची पांढरी पावडर लागते. ती दोन जातींची येते, एक हळू विरघळणारी आणि एक झटकन. दिसायला दोन्ही सारख्या, वासाला जवळजवळ सारख्या, आणि दोघींचं एकमेकींशी हाडवैर. कोरड्यासुद्धा एकत्र ठेवायच्या नाहीत, आणि त्यात पाणी पडलं तर विषारी वायूचा लोट उठतो. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं.

माझे वडील गादी भरून द्यायचे तेव्हा ओंजळ-दोन ओंजळी कापूस उरायचा. तो पिंजाऱ्याचा हक्क. वडील तो एका पोत्यात टाकायचे, या घरचा, त्या घरचा, जुना, नवा, सगळा एकत्र. पोतं भरलं की त्याच्या उशा. आम्ही पाच भावंडं त्या उशांवर वाढलो. "उरलेलं एका जागी केलं का त्याची वस्तू व्हते," असं ते म्हणायचे. ती सवय माझ्या हातात बसली. सिमेंट उरलं, टाइल उरल्या, टाइलच्या फटीत भरायचं ग्राउट उरलं, मी एकत्र करायचो. गाळ्यात काही वाया गेलेलं मला बघवत नाही.

लॉकडाउनमध्ये सगळे पूल बंद पडले. दीड वर्ष अर्धवट पिशव्या गाळ्यात पडून होत्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये, पूल पुन्हा उघडायला लागले तेव्हा, मी एका दुपारी झाडलोट करायला बसलो. चार पिशव्यांचे तळ राहिले होते. ते मी रंगाच्या एका रिकाम्या डब्यात ओतले. निळ्या झाकणाचा डबा. तीन पिशव्या एका जातीच्या होत्या, चौथी दुसरी. पिशवीवरचं वाचायला चष्मा माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. डब्याला झाकण लावलं आणि बरं वाटलं, की चार पिशव्यांची जागा मोकळी झाली.

१९ नोव्हेंबरला अमळनेरच्या अलीकडच्या एका लग्नाच्या लॉनवरचा पूल सुरू करायचा होता. हसनैन तो डबा घेऊन गेला. तिथली पंपरूम जमिनीखाली आहे, दार एक, खिडकी नाही. लॉनच्या मालकाला खिडकी आली असती त्या भिंतीवर धबधबा हवा होता आणि मी तशी बांधून दिली होती. हसनैनने पावडर काढायला ओला मग आत घातला. त्यानंतर त्याला दारापर्यंत पोचता आलं नाही.

मी पोचलो तेव्हा त्याला बाहेर हिरवळीवर ठेवलं होतं. पंपरूमच्या पायरीवर तो डबा होता. मी निळं झाकण पाहिलं आणि सगळं कळलं. त्या क्षणी माझ्यात काहीतरी बंद झालं आणि ते अजून सुरू झालेलं नाही. मी रडलो नाही. लोक म्हणाले, इसाकभाऊ खंबीर आहेत. मी खंबीर नव्हतो, मी तिथे नव्हतोच. पंचनाम्यात "पावडरचा डबा" एवढंच आलं. डबा कोणी भरला, हे मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे तो परत मिळाला तेव्हा मी तो ठेचून भंगारात दिला.

दुसऱ्या दिवशी कबरस्तानच्या दारात कौतिक उभा होता. कौतिक भाईदास महाजन, मूळचा पारोळ्याचा, जळगावला पंप आणि पुलाच्या औषधांचं दुकान. बावीस वर्षं माझी सगळी पावडर त्याच्याकडून. हसनैनच्या लग्नात त्याने वाढपी म्हणून पंगती वाढल्या होत्या. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी शंभर माणसांसमोर म्हणालो, "तुझ्या भेसळीच्या पावडरीनं माझा पोरगा खाल्ला." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. हे मी ठरवून बोललो नाही. पण दुसऱ्या दिवशी खोडून काढायला हवं होतं, तेही केलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सहा महिन्यांत त्याचं गिऱ्हाईक तुटलं. वर्षभरात दुकान बंद झालं. आता तो पारोळ्याला मार्केट यार्डात वजनकाट्यावर बसतो.

यास्मिन, तू चार वर्षं त्या माणसाच्या नावाने बोटं मोडतेस. मी शेजारी बसून ऐकतो. मागच्या वर्षी सदफ कॉलेजातून आली, जेवताना मला म्हणाली, "दादा, दोन क्लोरीन एकत्र आल्या तर काय होतं, ते आज शिकवलं. कौतिककाकांनी भेसळ केली म्हणजे तेच केलं असणार." हसीनाबी म्हणाली, "जेवताना नको वं माय." मी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि खाल्ला. मला चव लागली नाही, पण मला चार वर्षं कशाचीच लागत नाही. त्या दिवसापासून उशी घेऊन झोपत नाही. मान दुखते म्हणून सांगतो.

हसनैन माझ्या हाताने गेला. एवढंच लिहायचं होतं.  

१०. कौतिकला काय द्यावं, याचा मी बराच विचार केला. तिसऱ्या हिश्श्यातून काढून द्यावं तर ते सदफच्या ताटातलं. आणि त्याचं जे गेलं ते पैशाने येण्यासारखं नाही. म्हणून असं सांगतो, की माझी माती झाल्यावर, लोक पांगायच्या आत, कबरस्तानच्या त्याच दारात नववं कलम मोठ्याने वाचावं. वाचणारा माणूस खणखणीत आवाजाचा असावा. शेहजादचा आवाज चालेल.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जीवराम वकिलांनी करावी. त्यांनी कच्चा मजकूर वाचला आणि म्हणाले, "इसाकभाई, नऊ आणि दहा काढून टाका. त्याचा मिळकतीशी काही संबंध नाही. मृत्युपत्र म्हणजे कबुलीजबाब नव्हे. सूनबाईंनी वाचलं आणि नको म्हणाल्या, तर तुमचा सगळा खटाटोप पाण्यात." मी म्हणालो, "तसं झालं तर गाळा, टेम्पो, सगळं परत वारसांत जाऊ द्या. पण न सांगता दिलेलं तिने घ्यायचं, ही आणखी एक फसवणूक." ते चहा न पिता गेले. साक्षीदार म्हणून मी दिपमालाबाईंना आणि कौतिकला निरोप धाडला. कौतिक येईल असं वाटत नाही.

१२. रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर. हे कलम आज जोडलं.

कौतिक सकाळच्या एसटीने पारोळ्याहून आला. केस पांढरे झाले आहेत. दिपमालाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. हसीनाबीने पाणी दिलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. तिला काही माहीत नव्हतं. मी कागद त्याच्या हातात दिले. त्याने चष्मा लावला आणि नववं कलम दोनदा वाचलं.

"डबा मना दुकानना नव्हता, हाई माले त्याच दिन कळनं व्हतं," तो आपल्या अहिराणीत म्हणाला. "मी सीलबंद पिशवी इकस. उघडा डबा मी कधी दिधा?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू पोऱ्याले मातीमा ठेईसन उभा व्हतास. तवय काय बोलू? मंग वाट दखी. म्हंतलं, आज येई, उद्या येई. चार वरीस वाट दखी."

मी पेन पुढे केलं. त्याने घेतलं नाही.

"तू मरशी, मंग लोके हाई वाचतीन," तो म्हणाला. "तवय यास्मिन कोनले इचारी? कबरले? मना नावनी माती तू जित्तेपनी करी, आते निस्तर बी जित्तेपनी. बलाव तिले. नही ते मी सही करस नही."

मी दिपमालाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "इसाकभाऊ, त्यांचं खरं आहे." मी म्हणालो, ती कामात आहे. कौतिक म्हणाला, "मी बठा शे. माले संध्याकायपावत एसटी शे."

मी फोन केला आणि यास्मिन गाळ्यावरून आली. सदफ मागोमाग आली आणि दाराला टेकून उभी राहिली. कौतिकला बघून यास्मिन उंबऱ्यातच थांबली. "हे इथे कशाला?" असं मला विचारलं. मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मी नववं कलम वाचलं. वाचताना एका ठिकाणीही थांबलो नाही, पाठ केलेल्या धड्यासारखं वाचलं. पिशव्यांपर्यंत आलो तेव्हा हसीनाबीच्या हातातला पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "माझ्या हाताने" या शब्दांवर ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. मी हे लिहितो आहे तोवर ती उघडलेली नाही.

यास्मिनने एकच गोष्ट विचारली. "चष्मा खिशात होता?"

मी म्हणालो, "हो."

 मग ती कौतिककडे वळून म्हणाली, "काका, मी तुम्हाला फार बोलले. सगळ्या बायकांसमोर बोलले."

कौतिक म्हणाला, "बोलाले लागतंच ना, पोरी. नवरा गया तुना." आणि तो मान खाली घालून रडला. त्याला रडता आलं, याचं मला बरं वाटलं. गेल्या चार वर्षांत मला काही वाटलं असेल तर ते हे.

यास्मिनने माझ्या हातातून कागद घेतले. चौथं कलम शोधलं. टेबलावरचं पेन घेऊन तिने आपलं नाव खोडलं, एक सरळ रेघ, आणि बाजूला सही केली. "सारख्या वाट्याने" हे शब्दही खोडले. सदफचं नाव तिने ठेवलं.

"सदफचं तिच्या बापाचं आहे, ते तिला मिळू द्या," ती म्हणाली. "मी काम सोडणार नाही, अब्बा. सव्वीस लोक माझ्या भरवशावर पोरं पाण्यात सोडतात. पगार सदफ देईल. पण तुमच्या हातचं मला नको."

 सदफ माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

चौथ्या कलमातली खाडाखोड सर्वांसमक्ष झाली आणि मला मान्य आहे. तिसरा हिस्सा आता एकट्या सदफचा. वकिलांनी हरकत घेऊ नये. दहावं कलम मी रद्द करतो. जे वाचायचं होतं ते वाचून झालं, आणि कबरस्तानच्या दारात मी स्वतः येत्या जुम्म्याला नमाजनंतर उभा राहून सांगणार आहे. कौतिक म्हणाला आहे की तो येईल.

१३. हे कलम यास्मिनने उभ्या उभ्या सांगितलं आणि मी लिहून घेतलं. तिने सांगितलं तसंच लिहितो: "हसनैनच्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेवावी. अब्बांना दुसरीकडे ठेवावं."

मी विचारलं, अजून काही. ती नाही म्हणाली आणि गाळ्यावर परत गेली, कारण फिल्टर चालू ठेवून आली होती.

हे मी मान्य करतो. शेहजादने व गावाने ते पाळावं.

वरील तेरा कलमं मी स्वतः लिहिली, स्वतः वाचली, आणि ज्यांना ऐकायची होती त्यांनी ऐकली आहेत.

लिहून देणार: इसाक गुलाब पिंजारी (सही)

साक्षीदार:
१) कौतिक भाईदास महाजन, राहणार पारोळा (सही). सहीखाली त्यांच्या हाताने: "वाचीसन सही करी."
२) दिपमाला हितेंद्र सोनार, राहणार जळगाव (सही)

चौथ्या कलमातील खोडलेल्या नावाबाबत: यास्मिन हसनैन पिंजारी (सही)

ठिकाण: नशिराबाद
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५